चौदा नंबरचा कचरा

...आणि वर विचारतात, "काय काका, सापडलं का सोनं?" रोज विचारतात, रोज! माणूस सकाळी सहाला कानाला हेडफोन लावून, हातात ती लांब दांड्याची थाळी घेऊन मैदानात वाकून वाकून चाललाय, मधूनच कुर्र आवाज येतोय तो यंत्रातून येतोय की गुडघ्यातून हे त्याचं त्यालाच कळेना, आणि ह्यांना चेष्टा सुचते. तुम्हाला सांगतो, मी आता तोंडानं उत्तरच देत नाही. पिशवी उघडून दाखवतो. घ्या, बघा. चार झाकणं, एक खिळा, गोळ्यांचं रिकामं पाकीट आणि अर्धा चमचा. अर्धा चमचा कोण टाकतं हो मैदानात? आणि उरलेला अर्धा घरी नेऊन त्याचं करतात काय?

बसा, बसा, बाक ओला नाहीये. विषय निघालाच आहे तर आता सगळं ऐकूनच जा, नाही तर बाहेर जाऊन सांगाल की म्हातारा सोन्याच्या हव्यासानं वेडा झालाय.

हव्यास कसला डोंबलाचा. आमच्या हिची अंगठी हरवली. इथंच, ह्या मैदानात. डॉक्टरांनी तिला सकाळच्या चार फेऱ्या सांगितल्यात, त्या मारायच्या, मग ह्याच बाकावर बसून गोळी घ्यायची, पाखरांना पावाचा चुरा टाकायचा, शाल झटकायची आणि घरी यायचं. तर त्या दिवशी आली, चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवला, आणि मला तिचं बोट दिसलं. नुसतं बोट. चाळीस वर्षं अंगठी घातली की बोटावर एक पांढरा वळ उरतो बघा, तेवढा शिल्लक. मी म्हटलं, "अगं, अंगठी?" तिनं हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली, "पडली वाटतं कुठंतरी. जाऊ द्या."

जाऊ द्या? ही बाई बशी फुटली तर दोन दिवस हळहळते, आणि लग्नातली अंगठी गेली तर जाऊ द्या? तेव्हाच मला संशय यायला हवा होता. नाही आला. कारण तोंडानं जाऊ द्या म्हणाली तरी तिचा अंगठा ऐकत नव्हता. टीव्ही बघताना, फोनवर मुलीशी बोलताना, अंगठा आपला जाऊन त्या बोटाच्या मुळाशी फिरतोय, तिथं काही नाही म्हटल्यावर परत येतोय, पुन्हा जातोय. माझ्याच्यानं ते बघवेना.

आणि आता खरं कारण सांगतो, हसू नका. दोन वर्षांपूर्वी ही फार आजारी होती. नऊ दिवस दवाखान्यात. अंगावर सूज, हात असे फुगलेले, चेहरा ओळखू येईना. डॉक्टर स्पष्ट काही सांगत नव्हते, आणि डॉक्टर स्पष्ट सांगेनासे झाले ना, की माणूस कशावरही विश्वास ठेवायला लागतो. मी तिच्या उशाशी बसून ती अंगठी चाचपायचो आणि म्हणायचो, "ही बोटात आहे ना, मग तुला काही होत नाही." एकदा नाही, दिवसातून पन्नासदा. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनासुद्धा पाठ झालं होतं. पण ही उठली हो! दहाव्या दिवशी उशीला टेकून बसली आणि मला म्हणाली, "आधी दाढी करून या." बस्स, तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पक्कं झालं. अंगठी आहे तर ही आहे. आणि आता अंगठी गेली, वर दोन महिन्यांनी तिची मोठी तपासणी. कुणाला बोलणार? चारचौघांत सांगितलं असतं तर म्हणाले असते, अहो काका, तुम्ही शिकलेले ना? शिकलेलो आहे. पण भीती वाटायची ती वाटायचीच.

त्यात पालिकेनं फाटकावर बोर्ड लावला. दोन महिन्यांनी ह्या मैदानाला फरशी बसवणार. सुशोभीकरण म्हणे. एकदा फरशी बसली की खालची अंगठी खालीच. म्हणून तुम्हाला सांगतो, मी यंत्र आणलं.

यंत्राच्या दुकानात एक टायवाला तरुण होता, फार गोड बोलायचा. "सर, हे जमिनीत वीतभर खालपर्यंत बघतं. आणि यंत्र खोटं बोलत नाही, सर. जे आहे त्याचा नंबर दाखवतं. लोखंड असेल तर गुरगुरतं. चंदेरी कागद, बारा ते अठरा. नाणी, सत्तरच्या वर. आणि हे बटण, सर, डिस्क्रिमिनेशनचं. म्हणजे जे नको ते नंबर बंद करून टाकायचे. यंत्र त्याच्यावरून जाताना गप्प बसतं." मी म्हटलं, "म्हणजे निवडणं." "हो सर, निवडणं." मी म्हटलं, "बाळा, मला निवडणं शिकवू नकोस."

कारण मी कोण? बाटल्यांच्या झाकणांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस. ती फिरवून उघडायची ॲल्युमिनियमची झाकणं असतात ना, ती. समोर टेबलावर एक नमुन्याचं झाकण, आणि पट्ट्यावरून झाकणं येतायत, येतायत, येतायत... नमुन्यासारखं असलं तर पास. कड जरा वाकली, कुठं चीर गेली, रिजेक्ट, लाल डबा. केसाएवढी चीर मला तीन हातांवरून दिसायची. आमचे मॅनेजर पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ह्यांच्या डोळ्यांत भिंग बसवलंय." हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे मला ह्याच वाक्याची लाज वाटणार आहे.

तर मी काय केलं, माझ्या बोटातली अंगठी काढली आणि काउंटरवर ठेवली. जोडीतली हो! एका सोनारानं, एका दिवशी, एका साच्यातून दोन्ही केलेल्या. त्याच्यावरून थाळी फिरवली. बावन्न. पुन्हा फिरवली. बावन्न. मिळाला ना नमुना? तिची मापानं जरा लहान, तर धरा अठ्ठेचाळीस ते छप्पन्न. तेवढं चालू, बाकी सगळं बंद. तो तरुण बिचारा म्हणत होता, "सर, इतकं बंद नका करू. सोनं कधीकधी कचऱ्याच्याच नंबरात येतं. लोकं कागद-कागद म्हणून सोडून देतात आणि..." मी त्याला पुढं बोलूच दिलं नाही. म्हटलं, बावन्न म्हणजे बावन्न. त्यानं निमूटपणे एक माहितीचं पुस्तक पिशवीत टाकलं. मी ते वाचलं? मी कशाला वाचतोय!

मग सुरू झालं. मैदानाचे सुतळी बांधून चौकोन पाडले. एकशे वीस चौकोन, वहीत नकाशा, तपासला की फुली. सहा ते साडेसात थाळी फिरवायची, आवाज आला की बसायचं, खुरप्यानं उकरायचं, खड्डा पुन्हा बुजवायचा, उठायचं. उठायचं म्हटलं एवढ्या सहज, पण ते वेगळंच काम आहे. आणि बावन्न लागायचं बरं का! पहिल्याच दिवशी लागलं. खुरपं घेऊन बसलो, वीतभर उकरलं, आणि आतून निघालं काय? झाकण. दुसऱ्या दिवशी बावन्न. झाकण. चेपलेलं झाकण बावन्न, न चेपलेलं झाकण त्रेपन्न. आणि उलटं करून बघतो तर आत छाप आमच्या कारखान्याचा! म्हणजे मीच पास केलेलं. तुम्हाला सांगतो, चाळीस झाकणं निघाली, एकालाही चीर नव्हती. माणसाला आपल्या कामाचा अभिमान वाटावा की रडू यावं?

आणि तेवढ्यात कर्नल. कर्नल म्हणजे तो ताठ चालणारा, पांढऱ्या टोपीवाला. सैन्यात वगैरे नव्हता हो, शिवणयंत्रं दुरुस्त करायचा आयुष्यभर, पण चाल अशी की सगळे कर्नलच म्हणतात. प्रत्येक फेरीला माझ्यापाशी थांबणार. "काय काका! सोनं? सापडलं?" पुढच्या फेरीला पुन्हा. "काका! सोनं?" मी म्हणायचो, बावन्न म्हणजे बावन्न, मिळेल. तो म्हणायचा, "इथं तर मघाशी काही वाजलं नाही." मी म्हणायचो, "वाजलं नाही कारण तो कचरा आहे. कचऱ्यावर मी यंत्राला गप्प बसायला सांगितलंय." तो म्हणायचा, "मग तुम्हाला कसं कळलं कचरा आहे?" आता अशा माणसाला काय समजावणार?

घरी मुलीचा फोन. "बाबा, आईला मी नवीन करून देते. तुम्ही उन्हातान्हात बसू नका." मी म्हटलं, नवीन ती नवीन. तर म्हणाली, "आईला फोन द्या." मग आतल्या खोलीत दोघींचं कुजबुज कुजबुज, आणि ही बाहेर येऊन पुन्हा तेच. "अहो, खरंच जाऊ द्या ना. एका अंगठीपायी गुडघे घालवाल." आणि अंगठा त्या बोटाशी.

सात आठवडे गेले. एकशे वीस चौकोनांवर एकशे वीस फुल्या. हा बाक आहे ना, तुम्ही बसलाय तो, ह्याच्या आजूबाजूला तर मी वीसदा थाळी फिरवली, कारण शाल ती इथंच झटकायची. यंत्र गप्प. फाटकाशी फरशीच्या लाद्यांसाठी जागा मोकळी करून ठेवलेली, तपासणी आठवड्यावर आलेली, आणि मी म्हणजे अगदी हरलो. तेव्हा कुठं ते पुस्तक काढलं. सगळे उपाय थकले की माणूस माहितीचं पुस्तक वाचतो.

रात्रीचं जेवण चाललं होतं, ही समोर. मी मोठ्यानं वाचतोय. म्हणजे यंत्राची चूक कशी आहे ते तिला दाखवून द्यायला वाचतोय. "हे बघ काय लिहिलंय. म्हणे, अखंड कडी असेल तरच पूर्ण नंबर दाखवते. तीच कडी एका जागी तुटलेली असली, उघडी असली, तर यंत्राला ती कागदासारखीच वाटते. बारा, चौदा. मग ती सोन्याची का असेना." मी म्हटलं, "आता ह्याचा आपल्याला काय उपयोग? आपली अंगठी काय तुटलेली आहे?"

हिचा घास हातात तसाच. मला वाटलं, मीठ कमी पडलं की काय. मी उठून मीठ आणून दिलं. तिनं ते घेतलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालतोय तर ही शाल घेऊन तयार. "मी येते तुमच्याबरोबर." म्हटलं, "तुझ्या फेऱ्या?" म्हणाली, "आज फेऱ्या नाहीत. आज मी सांगेन तिथं उकरायचं." इथं आलो, ह्या बाकापाशी. म्हणाली, "ते बंद केलेले नंबर उघडा." मी म्हटलं, "अगं, बावन्न म्हणजे..." म्हणाली, "अहो, उघडा."

उघडले. आणि तुम्हाला सांगतो, बाजार भरला हो जमिनीखाली! इतके दिवस मुकं असलेलं यंत्र, पावलापावलाला टिव टिव टिव. सगळं चौदा. मी म्हटलं, "बघ, आता हा सगळा कचरा." ती म्हणाली, "उकरा." उकरलं. चॉकलेटचा कागद. "उकरा." गोळ्यांचं पाकीट. तिच्याच गोळ्यांचं. मी ते तिच्यापुढे धरलं, ती म्हणाली, "वाऱ्यानं गेलं असेल, पुढं उकरा." चौदा, कागद. पंधरा, कागद. चौदा, कसली तरी चेपलेली नळी. मी घामाघूम. अकरावा खड्डा, ह्या बाकाच्या मागच्या पायापासून दीड हात. चौदा. मी म्हटलं, "हा शेवटचा." दोन बोटं खाली, मातीत काहीतरी पिवळं. मी बोटानं माती झाडली.

अंगठी. पण गोल नाही. तोंड उघडलेली.

आता बघा हं, बायकोची अंगठी सापडल्यावर माणसानं काय करावं? आनंदानं ओरडावं. मी काय केलं? मी ती डोळ्यांजवळ धरली आणि कड तपासली. खोड. आणि म्हटलं, "ही तुटलेली नाही. ही कापलेली आहे. करवतीनं. आणि हा काप जुना आहे, कडा घासून गुळगुळीत झाल्यात."

ती माझ्याशेजारी मातीतच बसली. खाली बघत म्हणाली, "दवाखान्यात, तिसऱ्या दिवशी. बोट निळं पडायला लागलं होतं. तुम्ही खाली औषधं आणायला गेला होतात. नर्स एवढीशी करवत घेऊन आली, दोन मिनिटांत कापली."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"कशी सांगू? तुम्ही धापा टाकत वर आलात, हात धरलात आणि पुन्हा तेच. ही बोटात आहे ना, मग तुला काही होत नाही. तुमचं तोंड बघवत नव्हतं हो. मी आधीच नर्सला म्हटलं होतं, बाई, काढून ठेवू नकोस, पसरट कर आणि तशीच राहू दे, वरून पट्टी बांध. सूज उतरल्यावर दाबून घेतली पकडीनं. तुमच्याच. चीर तळहाताच्या बाजूला वळवली. हल्ली बोटं बारीक झाली, सारखी अंगठ्यानं सावरून धरायला लागायची. त्या दिवशी शाल झटकली आणि निसटली."

पकडीनं! तुम्हाला सांगतो, ती पकड खोक्यात उलटी ठेवलेली मला दिसली होती. त्यावरून मी दोन दिवस घर डोक्यावर घेतलं होतं, माझ्या हत्यारांना कोणी हात लावला म्हणून. पकड उलटी दिसली. आणि रोज सकाळी माझ्यापुढे चहाचा कप सरकवणाऱ्या बोटातली चीर, ती दोन वर्षं दिसली नाही. डोळ्यांत भिंग बसवलंय म्हणे.

मग माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला. तिसऱ्या दिवशी कापली. म्हणजे पुढचे सहा दिवस मी पट्टीवरून जी चाचपत होतो... मी म्हटलं, "अगं, मी कापलेल्या अंगठीच्या भरवशावर बसलो होतो?" तिनं माझ्या हातातली माती झाडली आणि म्हणाली, "बसला होतात ना? मग झालं तर. अंगठी रिजेक्ट होती आणि मी पास झाले. आता तपासणीला जायचंय ते मला जायचंय, अंगठीला नाही. तुम्ही उगीच घाबरू नका."

म्हणजे तिला माहीत होतं! मी कुणालाही बोललो नव्हतो, आणि तिला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मी रडलो. इथंच, खुरपं हातात धरून. त्यात लपवण्यासारखं काही नाही, चांगला रडलो. तेवढ्यात कर्नल आला फेरीवर. "काय काका! सोनं?" मी मूठ उघडून दाखवली. तर हा माणूस, दोन महिने माझी टिंगल करणारा, टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी, ह्यांना धरून उठवा, गुडघे अवघडले असतील." मग दोघांनी मिळून मला उठवलं.

अंगठी मी सोनाराकडून सांधून आणली. माप बारीक करून घेतलं. घरी आल्यावर आधी यंत्राखाली धरली, मग तिच्या बोटात घातली. बावन्न नाही, माप बारीक झाल्यामुळे अठ्ठेचाळीस, पण चालेल. तपासणीही बरी आली. तपासणीचा आणि अंगठीचा काही संबंध नाही, असं ही म्हणते. मी मान हलवतो. आणि रोज सकाळी चहा घेताना तिचा हात उलटा करून बघतो, तळहाताच्या बाजूनं. ती म्हणते, "झाली का तपासणी? द्या आता हात, दूध उतू जाईल."

मग आता पुन्हा कशाला उकरतोय म्हणता? तेच तर सांगत होतो! परवा हिच्या कानातल्याची फिरकी पडली. इथंच. फरशी? कुठली फरशी, अहो, फाटकावरचा बोर्डच पडला वाऱ्यानं, त्याचा एक बोल्ट मला सापडलाय. तर मी यंत्र काढलं, वही काढली, शहाणा झालेला माणूस मी, पद्धतशीर म्हटलं, "दुसऱ्या कानातली फिरकी दे जरा. नमुना घेतो."

तिनं फिरकी काढून माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाली, "एक सांगू? त्या दोन्ही एका जोडातल्या नाहीत. खरी एक सहा वर्षांपूर्वीच हरवली होती, तिच्या जागी खोटी लावली, तुम्ही कारखान्यातून दमून यायचात म्हणून बोलले नाही. आता ह्या हातातली खरी की पडलेली खरी, ते मलाच आठवत नाही. तुम्ही आपलं सगळंच उकरा."

तर उकरतोय. पाय उचला जरा, तुमच्या खाली चौदा वाजतंय.